खांबाची खरखर

९ जानेवारी १९७३
नागपूर केंद्राचं पत्र आलं. मागे रेकॉर्ड केलेलं माझं भाषण ६ फेब्रुवारीला, दुपारी दीडला, महिलांच्या कार्यक्रमात लागणार. 'खाणवस्तीतल्या मुली'. मायनं पोस्टमनला बसवून चहा पाजला आणि साऱ्या गल्लीला सांगून आली.
भाषणाच्या शेवटी मायबद्दल चार वाक्यं आहेत, भरवेलीच्या खाणीवर दगड निवडायची त्या दिवसांची. तिच्या तोंडावर ते मी कधी बोलले नाही. बोलताही येणार नाही.
माय मागेच लागली, "आत्ताच सांग ना, काय बोलली तं."
नाही सांगितलं. रेडिओतून ऐकू दे.

११ जाने.
पण आमचा ट्रान्झिस्टर! नागपूर लावलं की नुसती खरखर, मधून एखादा शब्द. बाबा खाणीवरून आले, दोन थापा मारल्या. "डब्ब्यातच खोट हाय." नवे सेल घातले. तेच.

१४ जाने.
छपरावर एरियल म्हणून तांब्याची तार ताणली. अर्थिंगची दुसरी तार मोरीपाशी जमिनीत पुरली, वर पाणी ओतलं. नागपूर मोठं झालं, खरखरही तेवढीच मोठी झाली. शेजारची कौसाकाकू कुंपणावरून,
"बी.ए. झाली वो पोरगी. कपडे वाळवाची तार बांधते!"
आणि तिलाच सहा तारखेला सगळ्यांच्या पुढे बसायचंय.

१७ जाने.
संध्याकाळी लाइट गेली आणि एकदम नागपूर! घरात बसून कोणी बोलावं इतकं स्वच्छ. लाइट आली, खरखर आली. म्हणजे दोष ना डब्ब्यात, ना माझ्या तारेत. विजेच्या लाइनीत आहे.

१८ जाने.
ट्रान्झिस्टर कानाशी धरून गल्लीभर फिरले. आधी पिठाच्या चक्कीवर संशय होता. पण तिथे खरखर कमी. गल्लीच्या तोंडाशी जो खांब, त्याच्याखाली कान फुटेल एवढी. वर पाहिलं. तार ज्या चिनी मातीच्या वाटीवर बसते, ती वाटीच तडकलेली. खरखर तिथूनच येते.
चक्कीवरचे टवाळ: "बहनजी गाना सुनते-सुनते सैर कर रही हैं!"
हेच एखाद्या पोरानं केलं असतं तर त्याला मिस्त्री म्हणाले असते.

१९ जाने.
वीज ऑफिस. अर्ज हिंदीत नेला, इथल्या ऑफिसात मराठी चालत नाही. बाबूनं विचारलं, "कौन सा मोहल्ला?" बौद्ध मोहल्ला, म्हटलं. त्यानं पेन खाली ठेवलं.
तरी समजावलं. लाइट गेली की रेडिओ स्वच्छ लागतो, हाच पुरावा.
"तो लाइट जाने पर सुनिए! शिकायत किस बात की?"
पलीकडच्या टेबलावर हशा. मोठ्या रस्त्याचे सगळे खांब दिवाळीआधी तपासले यांनी. आमच्या गल्लीत येते ती वीज काय वेगळ्या जातीची आहे?

२७ जाने.
दुसरा अर्ज. पोच मागितली. "पोच किसलिए?" उभीच राहिले. शेवटी दिली, कागद फेकून. काल झेंडावंदनाला याच बाबूच्या छातीवर केवढा तिरंगा होता.

३ फेब्रु.
माय मला न सांगता लाइनमन रामदयालकडे जाऊन आली. त्याची बायको आणि माय खाणीवर जोडीनं दगड निवडायच्या, ती ओळख. मंगळवारी दीडला तो पाव तास लाइन बंद ठेवणार. कोणी विचारलं तर 'फॉल्ट' सांगणार.
मी भडकले. मला मेहेरबानी नको, खांब दुरुस्त पाहिजे. तो आपला हक्क आहे.
"हौ, हक्क तू माग. जल्मभर माग, मी नाही म्हनते का? मंगळवारी मले आयकू दे."
बाबा एवढंच म्हणाले, "त्याची नोकरी हाय पोरी, ध्यानात ठेव."
उद्या स्वतः जाऊन रामदयालला नको सांगणार.

४ फेब्रु.
गेले नाही.

६ फेब्रु.
दीडला लाइन गेली. चक्की थांबली. ओसरीत गल्लीतल्या सगळ्या बाया, कौसाकाकू पुढे. माझाच आवाज, पण परक्या मुलीचा वाटला. मायबद्दलची वाक्यं आली तेव्हा माय खाली बघत होती. संपल्यावर सगळ्या एकदम बोलायला लागल्या, ती उठून चुलीकडे गेली.
मागून गेले तर माझ्याकडे न बघता म्हणाली,
"माहे पाय सुजत होते, ते तुले दिसत होतं? मी तं लुगड्यानं झाकूनच ठेवत होती."
मी हौ म्हटलं.

७ फेब्रु.
सकाळी वीज ऑफिसची जीप गल्लीत! धावत गेले. आमच्या खांबासाठी नव्हे. काल पाव तास चक्की बंद पडली म्हणून चक्कीवाल्यानं तक्रार केली. त्याची तोंडी तक्रार आणि दुसऱ्या दिवशी साहेब हजर. माझे दोन अर्ज, एकाची पोचसुद्धा, ते कुठे गेले?
साहेब बरोबर त्या खांबाखालीच उभे. मी वर बोट दाखवलं.
"वो बाद में. पहले ये बताइए, कल लाइन अपने आप गई या किसी ने बंद की? सुना है, आपके यहाँ रेडियो सुनने का प्रोग्राम था."
मी बोट खाली घेतलं.
"आप पढ़ी-लिखी हैं, झूठ नहीं बोलेंगी. कल तक लिखकर दीजिए."
इतक्या दिवसांत माझं लिहिलेलं या ऑफिसला पहिल्यांदा हवंसं झालं! रामदयाल जीपपाशी उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही.
घरी मायला सांगितलं.
"लिहाचं तं माहं नाव लिव्ह. मीच म्हनलं त्याले. त्याचं नाव काहून?"
तुझी नोकरी थोडीच जाणार आहे, माय.
खोटं मी आजवर कुठे लिहून दिलेलं नाही. खरं लिहिलं तर रामदयालची नोकरी जाईल आणि तडकलेली वाटी तिथेच राहील.
कागद घेतला. महोदय. वाटीबद्दल पानभर लिहून झालं, चांगलं कडक. त्यांनी विचारलेल्या प्रश्नासाठी खाली चार बोटं जागा सोडली आहे. ऑफिस उद्या दहाला उघडतं.