मोडलेले दोन कट्टे

माय, तू गेलीस तेव्हा तुझं जेवढं वय होतं, त्याच्याही पुढं मी आता निघून आलो. सातवीपर्यंतच शिकलो, लिहिताना चुका होतील म्हणून दोन दिवस कागद नुसता पुढ्यात ठेवून बसलो होतो. माझी नात तिरोड्याला कॉलेजात जाते. चार दिवसांपूर्वी तिनं ओसरीवर बसून मला एक गोष्ट वाचून दाखवली. त्यात एका म्हाताऱ्याला एक यंत्र मिळतं. त्यात बसलं की आपल्याच आयुष्यातल्या एखाद्या दिवसात परत जाता येतं आणि चुकलेलं दुरुस्त करता येतं. एकदाच. मला आधी नाही नाही त्या चिंता लागल्या. तिथं गेल्यावर यंत्र बिघडलं तर? बीपीची गोळी सोबत नेता येते का? नात म्हणाली, "आबाजी, तुम्ही तर बसायच्या आधीच उतरून राहिले. कोणता दिवस पाहिजे तेवढं सांगा." विचार करतो म्हणालो. विचार कसला, माय, दिवस मला बसल्या जागी माहीत होता.

बिडी कारखान्यात मला चेकर म्हणून घेतलं, तो पहिलाच आठवडा. गावातल्या बाया सुपात पंचवीस-पंचवीस बिड्यांचे बांधलेले कट्टे घेऊन शेडमध्ये रांगेत बसल्या आहेत. मी एकेक कट्टा उचलून बघतो, ढिली किंवा तोंड उघडं असलेली बिडी मोडून बाजूला टाकतो. मागं मॅनेजर उभा आहे. तुझी पाळी येते तशी एक बाई म्हणते, "आता पाहा वो, मायची एक बिडी मोडली तं नाव बदलीन." सगळ्या हसतात. तूही तोंडाला पदर लावून हसतेस. मी मागं बघतो. मॅनेजर हसत नाही. मी तुझे दोन कट्टे उचलले आणि न बघताच मोडले. न बघता म्हणतो तेही खोटंच, हातात घेताच कळलं होतं. दोरा घट्ट, तोंड नीट दुमडलेलं, तंबाखू एकसारखी भरलेली. तुझ्यासारखी बिडी गावात कोणाची होत नव्हती. हसणं थांबलं. तू सूप उचललंस आणि गेलीस.

घरी मी जेवायला बसलो तेव्हा भात वाढता वाढता तू विचारलंस, "खरंच खराब होत्या काय रे?" मी ताटाकडे बघत म्हणालो, हो, ढिल्या होत्या. तू आपली बोटं उलटीपालटी करून पाहिलीस. "असन. माह्या डोऱ्यालेच दिसत नसन आता," म्हणालीस, आणि मला आणखी भात वाढलास.

महिनाभरात तू बिड्या वळणं सोडलंस. दुसऱ्यांच्या शेतातल्या बांधीत धानाच्या रोवणीला जाऊ लागलीस, गुडघे दुखत असताना चिखलात वाकून. घरी तांदूळ निवडलेस तरी शेजारणीला हाक मारायचीस, खडा राहिला का बघ म्हणून. आणि सुईत दोरा मात्र चष्म्याविना ओवायचीस. ते मी रोज बघत होतो.

गोष्टीतल्या म्हाताऱ्याला एकच दिवस मिळाला. मला तर तू जाईपर्यंत बारा वर्षं मिळाली, कुठल्याही यंत्राशिवाय. एकदा तोंड उघडलंही होतं. तुला ताप होता, घरात आपण दोघंच. मी म्हणालो, माय, त्या बिड्या... तू मला पुढं बोलूच दिलं नाहीस. "जाऊ दे ना बापा. नवी नोकरी होती तुयी, खराब माल कसा घेशील." मी उठून तुझ्यासाठी पाणी आणलं.

नात रोज विचारते, ठरला का दिवस. शेवटी मी तिला सांगितलं, तुझ्या आजीशी माझं लग्न झालं तो. ती खूश झाली. आता हा कागद तिच्या हाती लागू नये म्हणून कुठं ठेवावा, याचीच काळजी लागली आहे. तुझ्यापर्यंत तर तो पोचणारच नाही. चांगल्या होत्या त्या, माय. एवढंच लिहायचं होतं. पण चार दिवसांपासून मी मनातल्या मनात त्या शेडमध्ये जाऊन येतो आहे, आणि दर वेळी तुझ्या सुपाकडे बघायच्या आधी मॅनेजर कुठं उभा आहे तेच बघतो.