धोंड्याच्या महिन्यातलं वाण

माय, पहिल्यांदा दारात येऊन टेकली ती तिची आत्या. पाणी दिलं तर म्हणली, "तुमच्या घरचं न्हाई पीत." मागून तिचा भाऊ आला, सेलूचा. तुला ही माणसं ठाऊक न्हाईत, थांब सांगते. आईबापाविना मीच वाढवलेली माझी नात परभणीला दवाखान्यात नर्स हाय. बरोबरच्या नर्सच्या गळ्यात तिनं देवळात माळ घातली; ही सेलूची आत्या अन् भाऊ त्या दुसऱ्या पोरीचे. हो, पोरीनं पोरीशी. मी आधी तोंडाला पदर लावला. मग दोघींना एका ताटात जेवताना बघितलं अन् लय बरं वाटलं गं. धोंड्याचा महिना लागला, लेकी-जावयाला बोलवायचा. मी दोघींना बोलावलं, तुझ्यासारखे पुरणाचे धोंडे उकडले अन् जावयाचं अनारशाचं वाण त्या पोरीच्या ओंजळीत ठेवलं. ती रडायली, मी हसायले. शेजारीण कुडावरून म्हणली, "काय गं, जावयाला मिशा कवा फुटणार?" मी म्हणले, "तुझ्या जावयाला हायेत की, तरी लेक माहेरीच हाय!" त्याच रागानं तिनं सेलूला कळवलं.

भाऊ म्हणला, "आजी, दोन बायांचं लगीन कुण्या कायद्यात बसतं?"

"माझ्या बापानं दुसरी केली तवा कुणी कायदा इचारला रे?"

खरंच की, माय. माझ्या पाठीवर लेक झाला न्हाई म्हणून तूच धाकट्या बहिणीला सवत करून आणलंस. त्या लगनाच्या दिशी तू चुलीपुढं लापशी हलवायलीस, डोळे लाल. मी काय झालं इचारते तर खेकसतीस, "धूर हाय, गप बस." सारं गाव जेवून गेलं. घर बुडालं असं कुणी म्हणलं न्हाई.

आत्यानं पोरीसाठी बिजवर ठरवलाय, दोन लेकरांचा. "चौघं येऊ," भाऊ जाताना म्हणला, "न्हाई निघाली तर फरफटत नेऊ." आत दोघी ऐकायल्या होत्या. नातीनं त्या पोरीचं मनगट इतकं आवळलं की बांगडी फुटली.

तवापासून नात म्हणायलीय, "आजी, आमी लांब कुठंतरी निघून जातो. परत येणं व्हायचं न्हाई." अन् मी दर खेपेला म्हणते, "जेवून जा." तू मरून गेलीस तिथला पत्ता या कागदाला न्हाई, म्हणून तुला एकटीला सांगते. पोरींना वाटतंय, आजी धीराची हाय, पाठीशी उभी हाय, म्हणून थांबवायलीय. तसं न्हाई गं. घर भरलेलं लय दिवसांनी बघितलं, अन् हातून सुटत न्हाई. आतासुद्धा दोघी चुलीपाशी खिदळायल्यात.

ती माणसं सोमवारी येतो म्हणून गेलीत.