पोट वाजलं की लिहायचं

५ तारीख, सोमवार
आज दवाखान्यात मुक्कामाला आले. खोली ऐसपैस, खिडकीत ऊन, खाट उशाकडून उचललेली. मी एकशे बेचाळीस किलोची. खाट कण्हली, पण निभावलं तिनं. डॉक्टर म्हणाला, पोटावर एवढा भार, म्हणून आंबट पाणी घशाशी येतं, गॅस धरतो. आठवडाभर नुसतं पातळ सूप. आणि वहीत नोंद ठेवायची: काय खाल्लं, कुठे जळजळलं, पोट कधी वाजलं. मला अक्षर येत नाही. मी सांगते, सूनबाई उतरवते. सासूचा शब्द खाली पडू न देणारी सून जगात एवढी एकच! हसतेस काय, हेही लिही.

६, मंगळवार
वाटीभर सूप. जळजळ कमी. दुपारी पोट वाजलं, रिकाम्या पिंपात कोणी दगड ढकलावा तसं. सूनबाई बराच वेळ लिहीत होती. एका गुडगुडीला एवढी शाई कशाला, म्हटलं.
अजून दे, पोरी. भूक भागली नाही.

७, बुधवार
नर्सनं वही वाचून दाखवली. कालची शेवटची ओळ माझी नव्हे. मी सुनेला कधी ‘पोरी’ म्हणत नाही. सूनबाई शपथेवर सांगते, आई, तुम्हीच बोललात. तोंड न उघडता? वजन एकशे सेहेचाळीस. सुपावर! नर्स म्हणते, काटा बिघडलाय.

८, गुरुवार
काटा बदलला. एकशे चोपन्न. पोटात घास नाही, तरी भरपेट जेवल्यासारखे ढेकर. सूनबाईची अंगठी बोटातून गळून पडली. महिन्यापूर्वी साबण लावूनही निघत नव्हती. घरी जा म्हटलं. एवढं लिहून जाते, म्हणाली. पोट वाजलं की तिची मान खाली, पेन भरभर—
गोड आहेस, पोरी.

९, शुक्रवार
बारा किलो. माझ्या अंगावर चढले ते तिचे. डॉक्टरला म्हटलं, हिला बाहेर काढा. म्हणाला, अशक्तपणा आहे, सलाईन लावू. तिच्या गालांची हाडं— सूनबाई, पेन ठेव. अगं, ‘पेन ठेव’ हेसुद्धा लिहितेस? एकदा तरी सासूचं ऐक, बाई.
दार उघडं आहे. ऊठ. पोट मी दोन्ही हातांनी दाबून धरते—
बरं. तोंडच मिटते. एक अक्षर बोलणार नाही, मग लिहिशील काय?

जवळ ये, पोरी. कान लाव. अजून जव—