टोपीवरचं जुनं नाव

सौ. सुलोचनास,

मी खुशाल आहे, असं समज. तुझा गुडघा कसा आहे गो?

सोबतच्या पिशवीतल्या टोप्या शेतावर वापरा. अमेरिकेच्या निवडणुकीसाठी त्यांच्यावर तिथल्या अध्यक्षाचं नाव मीच छापलं होतं. पण म्हातारा बोलताना अडखळायला लागला आणि त्याच्याच माणसांनी त्याला माघार घ्यायला लावली. आता साकीनाक्याच्या आमच्या कारखान्यात नव्या उमेदवाराचं नाव छापतात.

ते काम मालकाचा पुतण्या करतो. माझा हात थरथरतो म्हणे. गणपतीला येईन तो कायमचाच. लेकीला एवढ्यात कळवू नकोस.

त्या म्हाताऱ्याची निदान महिनाभर मनधरणी चालली होती. मला मालकाने हातातला चहासुद्धा संपवू दिला नाही.

तुझाच,
सहदेव