घडी घालून झोपणारा जिराफ

दि. ३ फेब्रुवारी

चि. बंधुराज,

ताईचे आशीर्वाद. गुडघा कसा आहे तुझा? मी ठणठणीत आहे, फक्त डोकं ठिकाणावर नाही. फोनच करणार होते, पण फोनवर तू "हो ताई, हो ताई" म्हणत टीव्ही बघतोस हे मला पक्कं ठाऊक आहे. पत्र निदान हातात धरावं तरी लागतं.

काल कोपऱ्यावरच्या दुकानात पेन्सिली घ्यायला गेले. दुकानदारीण म्हणाली, "बाई, तुमचं नवं पुस्तक फार छान निघालंय हो, मुलं तुटून पडतायत." मी म्हटलं, कुठलं नवं पुस्तक? वर्षभरात मी एक ओळ लिहिलेली नाही. तर तिने ते समोरच ठेवलं. चित्रं रंगवायची, अर्धी गोष्ट वाचायची, उरलेली आपल्या मनाने लिहायची. सगळं माझ्या 'पुढचं तू लिही'सारखं. बरं, एवढ्यावर मी काही म्हणाले नसते. अर्ध्या गोष्टींचा मक्ता मी घेतलेला नाही.

पण नववं पान उघडलं आणि हातातल्या पेन्सिली खाली पडल्या. जिराफ! लहान खोलीत राहणारा, मान तीनदा दुमडून घडी घालून झोपणारा. ज्याच्यावर माझं नाव झालं, ज्याला अठरा वर्षं मुलं हिरवा-जांभळा रंगवतायत, तो. इथे त्याची धाकटी बहीण आहे. तीही घडी घालते. आणि घडी सुटू नये म्हणून तिच्या मानेला एक गुंडी आहे.

आता नीट ऐक. गुंडी माझ्या पुस्तकात नाही. ती मूळ कागदावर होती. मुलांना रंगवायला फार बारीक पडेल म्हणून छापायच्या आधी मीच ती काढून टाकायला लावली. म्हणजे ज्याने मूळ कागद पाहिला त्याचंच हे काम. तो कागद पाहिला होता आमच्या प्रकाशनाच्या मालकांनी, चित्रकाराने आणि मुद्रितं तपासणाऱ्या त्या चष्म्याने. मालक स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणार नाहीत. उरले दोघे. चष्मा नोकरी सोडून गेला तेव्हाच मला वाटलं होतं, हा माणूस जाताना फार गोड हसला.

आणखी एक. पुस्तकावर लेखकाचं नावच नाही. "लेखक" असं छापून पुढे रिकामी ओळ सोडलीय. नाव कोण लपवतं? ज्याच्या पोटात काळंबेरं असतं तो.

तुला आठवतं ना, हा जिराफ मला बसथांब्यावर सुचला होता? एक ताडमाड माणूस एवढ्याशा गाडीत अंग दुमडून बसत होता, त्यावरून. हे आपलं माहीत असलेलं बरं, उद्या कुणी विचारलं तर.

मालकांना सगळं सांगितलंय. ते वकिलाची नोटीस पाठवून पुस्तक दुकानांतून उचलायला लावणार आहेत. तुझ्याकडून एकच काम हवंय. चष्मा हल्ली तुमच्या मागच्या गल्लीत राहतो. सहज गेल्यासारखा जाऊन ये आणि टेबलावर काय काय पडलंय ते बघ. तुझ्या लेकीला, खारूलाही विचार, शाळेत चित्रकला शिकवते तर तिच्या कानावर काही आलं असेल. ती मला लिहीत नाही. हल्लीची मुलं, चालायचंच.

तुझी
ताई


दि. १२ फेब्रुवारी

चि. बंधुराज,

आशीर्वाद. तुझी दोन पत्रं मिळाली.

पहिल्यात लिहितोस की चष्म्याला दोन्ही डोळ्यांनी धड दिसत नाही, आणि त्याने आवर्जून माझी चौकशी केली. बारा वर्षं शेजारच्या टेबलावर बसून त्या गृहस्थाने मला "कशा आहात" विचारलं नाही. आजच बरा उमाळा आला!

चित्रकाराकडे मी स्वतः जाऊन आले. खुर्चीत पाय वर घेऊन बसला होता. मी जिराफाचा विषय काढला तर म्हणतो कसा, "बाई, तो मी काढलाच नव्हता. तुम्ही एक कागद आणून दिलात, मी त्यावरून रेघा पक्क्या केल्या. कुणा पोराच्या हातचा कागद होता तो." ऐकलंस? म्हातारा झालाय, तोंडाला येईल ते बोलतो. त्याची बायको दारापर्यंत सोडायला आली आणि उगाचच माझ्या हातावर थोपटून गेली. मला नाही आवडलं ते.

अरे, मला चांगलं आठवतंय, दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत होते, तेव्हा सुचला तो जिराफ.

आणि आता तुझं दुसरं पत्र. नेहमी तू चार पानं गुडघ्यावरच लिहितोस, आणि यावेळी दोन ओळी! "ताई, नोटीस थांबव. जुन्या पेट्या उघडून बघ." का रे थांबवू? तुला असं काय माहीत आहे जे मला नाही? पाकिटावर अक्षर तुझ्या बायकोचं, म्हणजे घरात यावर बोलणं झालंय. कुणाला पाठीशी घालतोयस? तुला मी हाताला धरून शाळेत नेलंय, तुझी मान खाली गेली की मला लगेच कळतं, पत्रातसुद्धा.

सोमवारी नोटीस जाणार. पेट्या उघडायची काही गरज नाही. त्यांत काय आहे ते मला माहीत आहे. म्हणजे मुलांनी भरलेल्या जुन्या प्रती, दुसरं काय असणार?

ताई


दि. १७ फेब्रुवारी

प्रिय खारू,

तुझ्या वडिलांनी तुझं नाव सांगितलं नाही. चहाडी त्यांच्या रक्तात नाही, ती सगळी माझ्या वाट्याला आली. मलाच कळलं. कसं ते सांगते.

तुला माहीत आहे, पुस्तक छापायच्या आधी आम्ही दहा-बारा कच्च्या प्रती मुलांना भरायला देतो. त्या परत आल्या की कळतं कुठलं पान मुलांना आवडलं, कुठल्या पानावर ती कंटाळली. शेवटचं पान कोरं असतं, वर फक्त "तुझं पान". 'पुढचं तू लिही'ची एक प्रत मी तुला दिली होती. पेन्सिलींची टोकं कुरतडायचीस म्हणून तू खारू. त्या प्रतीलाही कडेने दात लागलेत.

रविवारी पेटी उघडली. काय सापडणार ते माहीत असूनच उघडली. एवढे दिवस मी चष्म्यावर, चित्रकारावर, तुझ्या आईवर, सगळ्यांवर आळ घेत हिंडले, एका पेटीकडे तेवढं बघितलं नाही. चित्रकाराकडून परत आलेलं तुझं पान आतच ठेवलेलं होतं, आणि त्यावर जिराफ होता. घडी, गुंडी, सगळं. वाकड्या अक्षरांत, "याची खोली लहान आहे पण याला चालतं." आणि कोपऱ्यात आणखी एक चिमुकला जिराफ, खाली लिहिलेलं, "ही बहीण. हिची गोष्ट नंतर."

अठरा वर्षांनी तू तिची गोष्ट लिहिलीस, आणि मी तुझ्यावर वकील घालायला निघाले होते.

सोमवारी सकाळी ऑफिस उघडताच मालकांसमोर तुझं पान ठेवलं. नोटीस टेबलावर सही होऊन पडली होती. ते म्हणाले, "बाई, आता कशाला हे उकरून काढता? कुणाला कळणार आहे?" मी म्हटलं, जिला कळायचं होतं तिला तेव्हाच कळलंय. नोटीस त्यांनी माझ्यासमोर फाडली. माझ्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत त्या पानावर तुझं नाव असेल, किंवा जिराफच नसेल. तू सांगशील तसं.

मी असं का केलं? त्या वर्षी माझी दोन पुस्तकं ओळीने पडली होती. मालकांनी सांगितलं होतं, हे चाललं नाही तर दुसरीकडे बघा. माझ्याकडे एकही गोष्ट उरली नव्हती खारू, डोकं नुसतं कोरडं ठाक. आणि तुझ्या पानावर तो इतका निवांत झोपला होता. मला वाटलं, घरातलंच तर आहे. मला वाटलं, पोर आहे, विसरेल. मुलांसाठी पुस्तकं करून पोट भरणारी मी, आणि मला असं वाटलं. लाज वाटते मला. तेव्हाही वाटली होती, पण पुस्तक धडाधड खपायला लागलं.

स्वभाव काही जात नाही. अजूनही शंका येते, ती गुंडी तू नव्या पुस्तकात मुद्दाम ठेवलीस, नेमकी मला दिसावी म्हणून. तसं असेल तर बरं केलंस. नसेल तरी मला तसंच समजू दे.

एक गोष्ट मी आजवर कधी बोलले नाही. पुस्तक छापून आलं त्या दुपारी मी पहिली प्रत तुमच्याकडे आणली. तू फरशीवर बसून पानं उलटलीस, जिराफापाशी थांबलीस आणि वर बघून विचारलंस, "आत्या, हा माझा आहे ना?" खोलीत सगळे होते. मी हसून म्हटलं, "अगं, असे जिराफ सगळ्यांनाच सुचतात." तू रडली नाहीस, हट्ट केला नाहीस, पुस्तक मिटून बाजूला ठेवलंस. त्यानंतर मी घरात पाऊल टाकलं की तू तुझी चित्रांची वही पालथी घालायचीस. सगळे म्हणायचे, खारू आत्याला लाजते. मीही तेच म्हणायचे.

तू लाजत नव्हतीस. सात वर्षांच्या तुला माझा संशय आला होता, आणि चारचौघांत मी तो हसण्यावारी नेला. तुझा संशय खरा होता. हेच सांगायला मला अठरा वर्षं लागली.

तुझी म्हणून सही करायचा हक्क आज माझा नाही. नुसतीच,

आत्या