मागच्या पायरीवरचा कॅझमिर

मी, लोरेटा मारी व्रोबेल, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार कूपर स्ट्रीट, हार्लन, ओहायो, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, शाईने लिहिते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. बुद्धी ठिकाणावर आहे. डोकं तापलेलं आहे, कारण काल आपल्या बेसबॉल संघाने अंतिम मालिकेतला सहावा सामना हातचा घालवला. उद्या सातवा, शेवटचा. डॉक्टर म्हणतात, या हृदयाला तो झेपणार नाही, घरी पडून राहा. मी जाणार आहे. म्हणून आज, मधल्या सुट्टीच्या दिवशी, हा कागद.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझी मुलगी डेनिस हिला. तिने काल माझी दोन्ही तिकिटं पिठाच्या डब्यात लपवली. ज्या डब्यातून मी चाळीस वर्षं पीठ काढतेय, त्याच डब्यात! इतकी कमी अक्कल माझ्या पोटी कशी आली, देव जाणे. तरीही घर तिलाच.

२. काल आठव्या डावात आपला पिचर सुरेख फेकत असताना ज्याने त्याला काढून बाहेर बसवलं, त्या मॅनेजरला माझा जुना चष्मा द्यावा. काच एकच शाबूत आहे. त्याला तेवढी पुरे.

३. माझे पती कै. कॅझमिर काच कारखान्यात साचे बनवत. त्यांची हत्यारं माझा भाऊ नॉर्बर्ट याला. त्यातलं ड्रिल त्याने १९८९ साली दोन दिवसांसाठी नेलं होतं, ते त्याच्याकडेच आहे. त्याच वर्षी बायकोच्या माहेरच्या संघाची टोपी त्याने डोक्यावर चढवली, ती अजून उतरलेली नाही. माझ्या अंत्यविधीला तो ती टोपी घालून आला, तर दारातून परत पाठवावा. काढून आला, तर पोटभर जेवू घालावं.

४. प्रत्येक सामन्याचा चेंडू न् चेंडू मी पेन्सिलीने टिपला आहे. अशा एक्केचाळीस वह्या गावच्या वाचनालयाला द्याव्या. १९९८ ची वही देऊ नये. ती डेनिसने ठेवावी. शेवटच्या सामन्याची नोंद सातव्या डावाशी थांबते. का, ते पुढच्या कलमात आहे.

५. कोपऱ्यावरच्या बारमध्ये कॅझमिरचा फोटो आहे. खाली लिहिलंय, 'याने आम्हाला जिंकवलं.' तो फोटो उतरवावा. सव्वीस वर्षं लोक त्याच्यासमोर ग्लास उंचावतात आणि माझ्या अंगाची आग होते.

गावाला माहीत आहे ते असं. १९९८ चा सातवा सामना परगावी होता, आम्ही स्वयंपाकघरात रेडिओ लावला होता. सातव्या डावात कॅझमिर सिगारेट ओढायला मागच्या पायरीवर गेले आणि आपले धडाधड मारू लागले. धावा होत असताना कोणी जागा बदलायची नाही, हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून ते थंडीत बसून राहिले, पाच धावा झाल्या, आणि तिथेच त्यांचं हृदय थांबलं. गावाच्या लेखी हुतात्मा.

गावाला माहीत नाही ते आता लिहिते. त्यांनी काचेवर टकटक केली होती.

"लोरेटा, आत येऊ का? गार लागतंय. छातीतही काहीतरी होतंय."

मी रेडिओवरचा कान काढला नाही. "तिथेच बसा. हलू नका. दोघं बेसवर आहेत."

ते हसले. मला आवडेल म्हणून हसले असणार. वीस मिनिटांनी मी कॉफी घेऊन गेले.

त्यांनी कोणाला जिंकवलं नाही. त्यांना आत यायचं होतं. मी येऊ दिलं नाही, आणि मग सगळ्यांनी माझं कौतुक केलं, काय निष्ठावान जोडपं म्हणून. त्या कौतुकाचा, त्या फोटोचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा मला संताप आहे. डेनिस, तुझ्या बापाबद्दल हे मी तुला सांगायला हवं होतं. राग धरायचा तर माझ्यावर धर. तुझा हक्क आहे.

६. मागची पायरी आणि दार डेनिसने काढून टाकावं. तिथे भिंत बांधावी की खिडकी लावावी, ते तिने ठरवावं.

शेजारीण इर्मा सोकोल साक्षीसाठी आली होती. तिने न विचारता सगळं वाचलं आणि म्हणाली, "लोरेटा, कागदावर नको. पोरीला तोंडाने सांग." तिकिटं दोन आहेत. दुसऱ्यावर डेनिसने बसावं. पहिला चेंडू पडायच्या आत सांगेन.

७. शेवटची सूचना, आणि ही सर्वांवर बंधनकारक आहे. उद्या मी जागेवर कोसळले, तर धावफलक पाहू नये. आपला संघ कितीही धावा काढत असो, कोणीही "हलू नका" म्हणू नये. सगळ्यांनी उठावं आणि मला बाहेर न्यावं.

स्वाक्षरी: लोरेटा मारी व्रोबेल

माझ्यादेखत सही झाली: इर्मा सोकोल, शेजारीण
माझ्यादेखत सही झाली: वॉल्टर झिएम्बा, औषधविक्रेता

हार्लन, ओहायो
बुधवार, २३ ऑक्टोबर २०२४