दफनभूमीत टाकलेली बाज

तलवाडा, जि. बीड

आदरणीय भागवतदाजी यांना,
धाकट्या मेहुण्याचा, शहादेवचा, प्रभूत सलाम.

मंगलअक्काचे गुडघे कसे आहेत, तुमची साखर उतरली का, जालन्याच्या चर्चच्या मंडळीतले भांडण यंदा तरी मिटले का, हे विचारायचे आहे. पण उत्तराची घाई करू नका, आधी पुढचे वाचा. आम्ही प्रभूच्या कृपेने बरे आहोत. आई तर इतकी बरी आहे की सगळी मंडळी अडचणीत आली आहे.

गेवराईच्या रस्त्यावरची आपली दफनभूमी तुम्हाला आठवत असेल (नानांना तिथे माती दिली तेव्हा तुम्ही जावई म्हणून खांदा दिला होता). उन्हाळ्यापासून आमचे पुढारी अमरसिंह नदीतून उपसलेली वाळू तिथे टाकतात. आधी कुंपणाला टेकवून टाकली, मग फाटकात, आता क्रूस शोधावे लागतात. मी विचारायला गेलो तर म्हणाले, "मास्तर, लई वर्षांत तुमी तिथं कुणाला माती दिली न्हाई. जागा पडीकच हाय ना?" यात खोटे काही नव्हते. आपली पोरे पुण्याला कामाला जातात आणि मरतातही तिकडेच.

मंडळीची सभा भरली. पाळकसाहेब म्हणाले, डोंगर हलला तरी विश्वासणाऱ्याने हलू नये. आपण प्रार्थनेत स्थिर राहू. महिला मंडळाची सुकन्या म्हणाली, "प्रभूनं मंदिरातल्या सराफांपुढं प्रार्थना केलती का? चौरंग उलथले. उद्या ट्रकपुढं आडवं पडू." निम्मी मंडळी स्थिर झाली, निम्मी आडवी पडायला तयार झाली (प्रत्यक्ष पडायचे कुणी, यावर चहा संपला). शेवटी मंडळीचा पंच म्हणून मीच मधला मार्ग काढला. ना भांडायचे, ना गप्प बसायचे. मंडळीतले जे माणूस पुढे मरेल त्याला भर दिवसा, गीते गात, वाळूच्या ढिगाशेजारी माती द्यायची. मयत कुणी अडवत नाही आणि ताजी कबर असली की जागा पडीक राहत नाही. ठराव एकमताने मंजूर झाला. त्यात स्थैर्य होते, धाडस होते आणि मरण दुसऱ्याचे होते.

आई तेव्हा खोकल्याने अंथरुणावर होती. सभा सुटली आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

दाजी, तिची इतकी विचारपूस कधी झाली नव्हती. बाया पायलीभर माया घेऊन यायच्या आणि तिने सूप संपवलेले पाहून लगेच उठायच्या. पाळकसाहेब रोज उशाशी उभे राहून, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, असे म्हणायचे आणि डोळे उघडल्यावर तिचा श्वास चालू आहे का ते पाहायचे. गीतांना पेटी वाजवणाऱ्याने ऐनवेळी हजर असावे म्हणून परळीचे एक लग्न सोडले. सुतार शमुवेल शवपेटीसाठी मापच घ्यायला आला (मी त्याला ती झोपल्यावर ये म्हणालो होतो). ती जागी होती. म्हणाली, "पायाकडं जरा जास्त ठेव बाबा. मला आखडून झोपवत न्हाई."

त्या दिवसापासून खोकला थांबला. दोन भाकरी आणि ठेचा खाऊन तिने शमुवेललाच बाज उचलायला लावली आणि ती दफनभूमीत नानांच्या कबरेजवळ टाकून घेतली. मी धावत गेलो, तर म्हणाली, "माझ्या मरणाची वाट कावून बघता रे? मेल्यावर कब्जा ऱ्हातो, मंग मी जित्ती बसले तर ऱ्हात न्हाई का?" एवढ्यात ट्रक आला. ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला. आई म्हणाली, "वाजव. इथं कुणी उठत न्हाई." (हे वाक्य पुनरुत्थानाच्या शिकवणीला धरून नाही, असे पाळकसाहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितले.) ट्रक मागे फिरला. तेव्हापासून एक पाटी वाळू पडलेली नाही.

मंडळीला आनंद झाला असेल, असे तुम्हाला वाटेल. पण ठरावात माती द्यायचे ठरले होते, जिवंत माणूस बसवायचे नव्हते. सुकन्याने रस्त्यावरून व्हिडिओ काढला आणि संध्याकाळी पुसून टाकला. तिचा नवरा त्याच ट्रकवर आहे. अमरसिंह स्वतः चर्चमध्ये आले, चपला बाहेर काढून बसले आणि म्हणाले, तुमची चर्चची भिंत पडायला आली आहे, लागेल तेवढी वाळू न्या. पाळकसाहेबांनी याला प्रार्थनेचे उत्तर म्हटले. आमेन म्हणणाऱ्यांत मीही होतो. दुपारी मी आईची भाकरी घेऊन जातो आणि फाटकाबाहेरून हाक मारतो. पंचाने एका बाजूला दिसू नये.

आपला, विश्वासात स्थिर,
शहादेव

ता. क. आई तुमचा शब्द मोडत नाही. अक्का फार आजारी आहे असे सांगून तिला चार महिने जालन्याला न्या. भिंत होईपर्यंत तरी. चर्चच्या दारात वाळू आली आहे.

पुन्हा ता. क. हे फाटकाशी उभा राहून लिहीत होतो. आईने पाहिले. "काय लिवायलास रे?" मी पंच आहे, खोटे बोलवले नाही, सगळे वाचून दाखवले. ती रागावली नाही. "जाते की," म्हणाली. "पण तिथं मेले तर मला माती द्यायला कुठं आणायचं, तेवढं त्यात लिव." पोस्टाची पेटी उघडायची वेळ झाली आहे. तेवढी एक ओळ लिहायची राहिली आहे.